काकाजींच्या वावरातला केवकंद

वय झालं की माणसं माफ करायला लागतात म्हणे. मला ते जमलं नाही आणि जमावं असंही वाटत नाही. बाबांच्या चुलतभावाला, म्हणजे आमच्या काकाजींना, मी अजून माफ केलेलं नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं वावर आमच्या वावराला लागूनच होतं, केळझरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. मधे एक धुरा, म्हणजे बांध, आणि दोन्ही घरांत मिळून एक विहीर.

वावर बाबांचं, पण त्यातला हळदीचा तुकडा मायचा. कपाशी आणि ज्वारी बाबा पाहत. हळदीतलं त्यांना फारसं कळत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माय माहेरी, समुद्रपूरकडे गेली आणि येताना ओच्यात बांधून बेणं घेऊन आली. ते वाढवत वाढवत तिनं अर्धा एकर केलं. त्या हळदीचं हळकुंड बुटकं असे, पण मोडलं की आतून गाजरासारखा रंग. तसा रंग आमच्या गावात दुसऱ्या कोणाच्या हळदीला नव्हता. घरात माय हळू बोलायची. हळदीच्या तुकड्यात मात्र तिचा आवाज विहिरीपर्यंत ऐकू यायचा, आणि बाबासुद्धा तिला विचारून पाणी सोडायचे.

हळदीत शिरायचा एक नियम होता. बाई बाहेरची झाली, म्हणजे तिला पाळी आली, की तिनं हळदीत पाय ठेवायचा नाही, कंद सडतात. हे सगळं गाव मानायचं. मायही मानायची. त्या दिवसांत ती धुऱ्यावर बोरीच्या सावलीत बसून मजूर बायांना तिथूनच सांगायची, इथं माती लाव, तिथं गवत राह्यलं. वीस वर्षं तिनं हा नियम मोडला नाही.

फाल्गुनात हळद निघाली की त्यातले गोल, जाड मातृकंद निवडून बेण्यासाठी ठेवत. ते शेणाच्या काल्यात बुडवायचे, सावलीत सुकवायचे आणि आंब्याखालच्या खड्ड्यात हळदीच्याच पानांचे थर देऊन रचायचे. वरून मातीनं लिंपून टाकायचं. मृग लागायच्या आधी खड्डा उघडायचा. मधल्या काळात त्याला कोणी हात लावत नसे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही खड्डा उघडला तेव्हा तो निम्मा खचलेला होता, आणि उरलेल्या कंदांचा चिखल झाला होता. वास असा की बाबा मागे सरले. काकाजी धुऱ्यावर उभेच होते, जणू बोलावल्यासारखे. ते खाली उतरले, काडीनं तो चिखल हलवून पाहिला आणि बाबांना म्हणाले, "दादा, बेणं काही आपोआप सडत नाई. वयनीनं दिवस पाळले नसन. बाहेरच्या बाईचा हात लागला की असंच होते."

उचलली जीभ लावली टाळ्याला. माय तिथंच उभी होती. ती म्हणाली, "म्या हात नाई लावला." बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "तू आता हळदीत येऊच नको. कोण्याच दिवशी नको."

एवढ्यावर वीस वर्षं संपली. काकाजींनी मग मोठेपणानं स्वतःच्या घरून टोपलंभर बेणं आणून दिलं. बाबांनी हात जोडले, आणि उपकार फेडायचे म्हणून त्या हंगामातली विहिरीच्या पाण्याची आपली निम्मी बारी त्यांना देऊन टाकली. ते टोपलंभर बेणं आमचंच होतं, हे मला पुढं कळलं. मला आजही त्या जोडलेल्या हातांची चीड येते.

मायचा आवाज त्या वर्षी गेला. आजारी नव्हती, काही नाही. सकाळी उठायची, भाकरी करायची, ज्वारी निवडत बसायची. बायका हळदीतून काम करून परतताना दारावरून जायच्या, तेव्हा ती आत निघून जायची. तिच्या मागं त्या काय कुजबुजतात ते मी ऐकलं होतं. मी तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात बी. एस्सी. ला होते, रोज एसटीनं जाऊन येऊन. घरी आले की मला कोणाला तरी चावावंसं वाटायचं.

त्याच पावसाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सरांनी माणसापेक्षा उंच एक झाड टेबलावर आडवं ठेवलं. पाहिल्या पाहिल्या आम्ही सगळ्या पोरी म्हणालो, हळद. नाहीतर आलं. सर म्हणाले, नीट पाहा. हळदीची पानं जमिनीतूनच एकात एक गुंडाळून वर येतात. दिसतो तो दांडा खरा खोडच नसतो. याला मात्र खरं खोड होतं, उसासारखं पेरांचं. आल्याची पानं दोन बाजूंना दोन ओळींत लागतात. याच्या एका पेरावर एकच पान, आणि प्रत्येक पुढचं पान मागच्यापेक्षा जरा वळून. त्यामुळं ती गोल जिना चढावा तशी खोडाभोवती फिरत वर गेलेली, आणि त्यांच्याबरोबर खोडही पिळलेलं. पान खालून हाताला मऊ लागायचं, बारीक रेशमी लव असल्यामुळं. पानाचा खालचा भाग खोडाला नळीसारखा पूर्ण वेढून बसलेला, कुठं फट नाही. सरांनी कंद कापून हातोहात फिरवला. पांढरट, तंतुमय, आणि वास काहीच नाही. आल्याच्या नात्यातलं झाड, पण नाकाला पत्ता लागू देत नाही.

शेंड्यावर लाल खवल्यांचं बोंड होतं आणि त्यातून एक पांढरं फूल बाहेर आलेलं, चुरगळलेल्या मलमलीसारखं, मधे पिवळं. सर म्हणाले, ही जी मोठी पांढरी पाकळी दिसते ती पाकळीच नाही. ते पुंकेसर आहेत, वांझ, एकमेकांना चिकटून पाकळीचं सोंग घेतलेले. खरा पुंकेसर आत एकच. मला ते झाड तिथंच आवडलं. पुस्तकी मराठीत त्याला पेवा म्हणतात. पुढं भाद्रपदात मी हिंगणीला मावशीकडं गेले तर बोर नदीच्या जंगलातल्या नाल्याच्या काठानं हेच झाड दाट उभं. मावशी म्हणाली, हा तर केवकंद, याचे कोवळे कोंब आम्ही भाजीत टाकतो.

त्यानंतरच्या फाल्गुनात काकाजींच्या अंगणात हळद शिजत होती. मोठी कढई, खाली तुराट्यांचा जाळ. मी काकूंना भेटायला म्हणून गेले आणि पसाऱ्यातलं एक हळकुंड उचलून मोडलं. बुटकं, आतून गाजर. मी ते तसंच मुठीत धरून घरी आले आणि बाबांसमोर ठेवलं. म्हटलं, हे मायचं बेणं आहे, काकाजींनी खड्ड्यातून चोरलं आणि उरलेल्यावर पाणी ओतलं.

बाबांनी ते उलटंपालटं केलं. म्हणाले, "आपण त्याचंच बेणं लावलं ना औंदा? मंग त्याच्याकडं तसंच असन. हळद ते हळद. तिच्यावर का कोणाचं नाव लिहलं राह्यते?"

राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. हळदीवर नाव लिहिलेलं नसतं. चोर हळद लावतो आणि हळदच उगवते, मग त्याला पकडायचं कसं. मी त्या दिवशी जेवले नाही. पडल्या पडल्या मला ते झाड आठवलं, वास नसलेलं, कंदात ओळख न देणारं, आणि उगवलं की आंधळ्यानंही हळद म्हणू नये असं. नाव लिहिलेलं बेणं मला सापडलं होतं.

बाबांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काकाजींना विचारलं असतं. भावाशी लपवाछपवी त्यांना जमत नसे. बायकोवरचा आळ मानायला मात्र त्यांना एक सकाळ पुरली होती.

हिंगणीला गेले तेव्हा नाला कोरडा पडला होता. केवकंद उन्हाळ्यात वरून मरतो. पानं गळून पिळलेल्या वाळक्या काड्या उभ्या होत्या, म्हणून जागा सापडली. मावशीनं लोखंडी सब्बल जमिनीत घातली. कंद बोटं फुटलेले, अंगावर वलयं, मातीनं माखलेले. थोडे निघाल्यावर ती म्हणाली, "काऊन पाह्यजे तुले येवढे?" मी सगळं सांगितलं. ती मायची धाकटी बहीण. तिनं पदर खोचला आणि पुन्हा खणायला लागली. दोन पोती भरली. एसटीच्या टपावर टाकताना कंडक्टरनं विचारलं काय आहे, तर मावशी म्हणाली, रताळे.

बाबांनी तोवर नेहमीसारखा खड्डा भरून लिंपला होता. ते एका लग्नाला दिवसभरासाठी गेले, तेव्हा मी भर दुपारी आंब्याखाली गेले. त्या उन्हात वावरात चिटपाखरू नव्हतं. मी लिंपण फोडलं, आतलं बेणं काढलं आणि पोती ओतली. केवकंदाची बोटं मोडून जाड गड्डेच ठेवले. आता ते शेणात माखायचे होते आणि शेण कालवायला माझ्याजवळ काही नव्हतं. वर पाहिलं तर धुऱ्यावर माय उभी. तिच्या हातात शेणाच्या काल्याची बादली होती. मावशीनं तिला कळवलं होतं, का तिनंच माझ्यावर नजर ठेवली होती, हे मी कधी विचारलं नाही.

ती धुऱ्यावरून खाली उतरली नाही. बाबांनी हळदीत येऊ नको म्हटलं होतं, ती आली नाही. बादली वाकून खाली दिली आणि म्हणाली, "दाट लाव. अन् वर आपली हळद राहू दे दोन थर, नाईतर हुंगून पाह्यन तो." मी तसंच केलं आणि खड्डा पुन्हा लिंपून टाकला. बाकीचं खरं बेणं आम्ही घरी नेऊन कोठीमागं वाळूत पुरलं. त्या दुपारी तिचा आवाज थोडा परत आल्यासारखा मला वाटला.

मृगाआधी खड्डा उघडला तेव्हा तो खचलेला होता. चोराला सवय लागली होती. वरचा आणि मधला माल गेलेला आणि तळाशी उरलेल्यावर पाणी ओतलेलं. काकाजी या खेपेलाही धुऱ्यावर हजर होते. म्हणाले, "घरात बाई तेच राह्यली, मंग कसं होईन दादा? दुरून सावली पडली तरी पुरते." बाबांनी कपाळाला हात लावला. मी खाली मान घालून उभी राहिले, कारण मला हसू येत होतं. बेणं मावशीनं पाठवलं असं सांगून आम्ही वाळूतली हळद बाहेर काढली. बाबांनी ती मायशिवाय लावून घेतली.

काकाजींनी आपली लावणी फार घाईत उरकली. चोरीचा माल अंगणात पसरून ठेवता येत नाही, निवडता येत नाही. लावायला गेलेल्या एका बाईनं पुढं मायला सांगितलं, की मी काकाजीले म्हटलं, हे बेणं हळदीसारखं वास काऊन नाई देत, तर मलेच डाफरले, शेणाचा वास येऊन राह्यला ना, लाव गुमान.

मग पाणी पडलं आणि मी रोज धुऱ्यावरून पाहायला जाऊ लागले. सुरुवातीला कोंब टोकदार, गुंडाळलेले. हळदीचेच वाटावेत असे. आमच्या हळदीपेक्षा त्यांचे जोरात. काकाजी अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले. पारावर बसून सांगायचे की कसणारा हात पाहिजे, आमच्या दादाच्या घरी हाताला गुण नाही. मी कॉलेजातून येताना ते ऐकायचे आणि पुढं जायचे. बोला म्हणायचे मनात, अजून बोला. हळद कमरेशी थांबते. काकाजींच्या वावरातली कमरेशी थांबली नाही. पेरं सुटली, पानं फिरत फिरत वर निघाली, खोडाला पीळ पडला. कुठं कुठं वरच्या थरातली खरी हळद मधेच बुटकी उभी दिसायची, तशी ती आणखीच उंच वाटायची. श्रावणात ती काकाजींच्या डोक्यावरून गेली. ते मग पारावर बोलेनासे झाले. कोणी विचारलं तर म्हणायचे, नवी जात आहे.

उपटावं तर गाव विचारणार काय झालं, ठेवावं तर गाव पाहणार. मला झोप छान लागत होती.

पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावाचे बैल सजून त्याच रस्त्यानं तोरणाकडे निघाले. केवकंद फुलला होता. ओळीच्या ओळी, शेंड्याशेंड्यावर लाल बोंडं आणि त्यातून बाहेर आलेली पांढरी फुलं. माणसं बैल धरून थांबली. एक म्हातारा बाबांच्या शेजारी होता. तो काकाजींना म्हणाला, "काय लावलं बाप्पा हे? याले हळद म्हणत नाईत."

काकाजी म्हणाले, "रानातलं आलं असन पाण्यासंगं वाहून."

"ओळीनं?" म्हातारा म्हणाला. माणसं हसली.

याच क्षणासाठी मी दोन पोती टपावर चढवली होती. बायकांतून मी पुढं गेले. पोळ्याला बाप्यांच्या घोळक्यात पोरीनं बोलायची रीत नव्हती. मी म्हटलं, "काकाजी, हा केवकंद होय. हिंगणीच्या नाल्यातला. म्या उन्हाळ्यात आमच्या आंब्याखालच्या खड्ड्यात ठेवला होता, हळदीच्या खाली. तुमच्या वावरात कसा आला?"

ते ओरडले, पोरगी खोटं बोलते, कॉलेजात हेच शिकवतात का. मी म्हटलं, चला आंब्याखाली. पाणी ओतून ते जे तळाशी सोडून गेले होते, ते सगळं सडलं नव्हतं. केवकंदाला पाणी मानवतं. आमच्या उघड्या खड्ड्यातून तीच पिळलेली खोडं वर आली होती, तीच पानं, तेच लाल बोंड. म्हाताऱ्यानं एक झाड काकाजींच्या वावरातलं मोडून आणलं आणि खड्ड्यातल्या झाडाशेजारी धरलं. मग म्हातारा बाबांना म्हणाला, "अन् मागच्या साली तू बायकोले बोल लावला." काकाजी बैल तिथंच सोडून घरी गेले. पोळ्याला मालक बैल सोडून गेला असं आमच्या गावात त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी नंतर सगळं कापून धुऱ्यावर फेकलं. फेकू दिलं मी. केवकंदाच्या खोडाचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी पेराशी कोंब धरतो. पुढच्या पावसाळ्यात तो वावरात तर उगवलाच, धुऱ्यावरही उगवला, रस्त्याच्या बाजूनं. ते खणत राहिले, तो उगवत राहिला. दरवर्षी आषाढात मी मुद्दाम त्या वाटेनं जायचे. लग्न होऊन सासरी गेले तरी एक फेरी त्या दिवसांत माहेरी असायचीच.

पोळ्याच्या त्या संध्याकाळी बाबा पुरणाच्या ताटावर बसले आणि मायला म्हणाले, "झालं ते झालं. उद्यापासून येत जाजो हळदीत." मला वाटलं संपलं सगळं. माय त्यांना वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी चोर. चोरानं चोरी केली. तुमी काऊन मानलं?" बाबा पुरणात बोटं फिरवत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्या वर्षी ती हळदीत गेलीही नाही. बाबांनी दोनदा तीनदा म्हटलं. ती नुसती मान हलवायची. मला तिचा रागच आला. एवढं करून मिळवून दिलं तर ही घेत नाही, असं वाटायचं.

पुढच्या मृगाला बाबांनी लावणीचा दिवस ठरवला. माय म्हणाली, आज नाई. दुसऱ्या दिवशीही तेच. मजूर बाया येऊन परत गेल्या. बाबा चिडचिड करायला लागले, वाफसा चालला म्हणाले. ती म्हणाली, "मी सांगीन तवा."

मग एका सकाळी ती डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "चला. बेण्याची टोपली तुमी घ्या." मी मागोमाग निघाले. विहिरीवर काकू होत्या, चार बाया होत्या, काकाजी पलीकडं केवकंद खणत वाकलेले. माय तिथं थांबली आणि हळदीच्या तुकड्यात बोलायची त्या जुन्या आवाजात म्हणाली, "बायांनो, मी आज सकाळीच बाहेरची झाली. हळद लावाले चालली."

काकाजींची कुदळ थांबली. बाबांच्या डोक्यावर टोपली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिला आवरणार होते. मी दुसरीकडे पाहिलं. माय धुऱ्यावरून खाली उतरली, पहिल्या सरीत उभी राहिली आणि बाबांकडे हात पसरून म्हणाली, "द्या."

बाबा जागचे हलेनात. त्यांचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावेत. तिनं हात तसाच धरून ठेवला. शेवटी ते सरीत उतरले, टोपली खाली ठेवली आणि एक कंद तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो लावला आणि पुन्हा हात पसरला. संध्याकाळपर्यंत ती पुढं आणि बाबा मागं, वाकून एकेक कंद देत. दुपारी त्यांनी कंबर धरून धुऱ्यावरच्या बोरीच्या सावलीकडं पाहिलं, तेव्हा माय म्हणाली, "तिथं मी बसत होती. तुमी इकडं या." तिनं त्यांना बसू दिलं नाही.